गालाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालंय, रेडिएशन चालू आहे, तोंड आणि खांदा दोन्ही आखडायला लागलंय. व्यायाम करू द्यावा का?

वारणाकाठची

नमस्कार मंडळी. इथं बरेच दिवस नुसतं वाचत होते, आज विचारायची वेळ आली. जरा मोठं होईल, सांभाळून घ्या.

माझे वडील, आम्ही अण्णा म्हणतो, वय 58. शेतकरी माणूस, तंबाखू-चुना आयुष्यभर. डाव्या गालाला आतून जखम भरेना म्हणून दाखवलं तर कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, गालाचा आतला भाग आणि खालच्या जबड्याची थोडी कड काढली, मानेतल्या गाठी काढल्या आणि छातीचं मांस फिरवून गालात लावलं, त्याला पीएमएमसी फ्लॅप म्हणाले. आता रेडिएशन चालू आहे, सोमवार ते शुक्रवार रोज, एकूण 30 सिटिंग, निम्मी झालीत. आठवड्यातनं एकदा केमोचं सलाईन पण.

प्रश्न दोन आहेत. एक म्हणजे तोंड. ऑपरेशननंतर दोन बोटं जायची, आता दीड पण मुश्किलीनं जातात, चमचा तिरका करून घालावा लागतो. दुसरं म्हणजे डावा खांदा. खाली झुकल्यासारखा दिसतो, हात खांद्याच्या वर जातच नाही, शर्ट घालताना दुसऱ्यानं हात धरावा लागतो आणि रात्री दुखून झोप नाही.

डिस्चार्ज कार्डावर "फिजिओथेरपी" एवढा एकच शब्द लिहिलाय, काय कधी कसं ते कुणी सांगितलं नाही. घरात आत्या आणि काका म्हणतायत की अंगात रक्त नाही, पडून राहू दे, हात हलवला तर आतले टाके तुटतील आणि जास्त हालचाल केली तर रोग अंगभर पसरेल. आत्या रोज संध्याकाळी मानेला आणि खांद्याला कोमट तेल लावून चोळायचं म्हणते, मी अजून तरी थांबवलंय. तालुक्याला एक फिजिओथेरपिस्ट आहेत, ते गुडघे-कंबरेचे पेशंट बघतात, कॅन्सरचा पेशंट म्हटल्यावर ते पण जरा बिचकले. अण्णा स्वतः दिवसभर आडवे असतात, म्हणतात दम नाही राहिला.

मला खरंच कळत नाहीये. व्यायामानं पसरतं का? रेडिएशन संपेपर्यंत थांबायचं की आत्ताच सुरू करायचं? आणि नेमकं काय करायचं? कुणी या वाटेनं गेलं असेल तर प्लीज सांगा.

फिजिओ_सोलापूर

ताई, मी फिजिओथेरपिस्ट आहे, तोंडाच्या कॅन्सरचे पेशंट माझ्याकडे नेहमी असतात. सगळ्यात आधी आत्यांसाठी: चालण्यानं, हात वर करण्यानं, तोंड उघडण्यानं कॅन्सर पसरत नाही. आणि ऑपरेशन होऊन रेडिएशन निम्मं झालंय म्हणजे वरचे टाके कधीच भरलेत, तरी जखम कुठं उघडी असेल, पाणी येत असेल तर आधी सर्जनना दाखवा. तेल चोळणं मात्र तुम्ही थांबवलंत ते अगदी बरोबर केलंत. रेडिएशनच्या जागेवर तेल, बाम, गरम पिशवी, जोरात चोळणं यातलं काही नको, तिथली कातडी आधीच भाजल्यासारखी झालेली असते आणि बऱ्याचदा बधिर पण असते, चटका बसला तरी माणसाला कळत नाही.

आता खांदा का झुकलाय ते सांगतो, म्हणजे घरच्यांना समजावता येईल. मानेतल्या गाठी काढतात तिथूनच एक नस जाते, तिला स्पायनल ॲक्सेसरी नर्व्ह म्हणतात, मान आणि खांदा यांच्यामधला मोठा स्नायू तिच्यावर चालतो. आजकाल शक्यतो ती वाचवतात, पण गाठी काढताना ती ताणली जाते, उघडी पडते, आणि मग कित्येक महिने, कधी वर्षभर सुद्धा मंद राहते. स्नायूला निरोपच जात नाही म्हणून खांदा खाली येतो, पाठीमागचं खांद्याच्या पात्याचं हाड बाहेर येतं, हात बाजूनं वर जात नाही. त्यात अण्णांच्या छातीचा मोठा स्नायू पण गालात गेलाय, म्हणजे पुढून पण जोर कमी आणि छातीवरचा व्रण आखडतोय. आता अशा वेळी दुखतंय म्हणून हात नुसता पोटाशी धरून ठेवला तर नस बरी होईपर्यंत सांधाच धरतो, आणि मग नस जागी झाली तरी हात वर जात नाही. म्हणून सांध्याला रोज हलवत ठेवायचं, आत्तापासूनच.

काय करायचं: बसताना डाव्या हाताखाली उशी, हात लोंबता ठेवायचा नाही. चालताना डावा हात खिशात किंवा कमरेच्या पट्ट्यात अडकवला तरी चालतो. झोपताना हाताखाली आणि पाठीमागं उशी. त्या हातानं बादली, पिशवी, पोतं काही उचलायचं नाही, आणि छातीतून मानेकडे जाताना हासळीवरून जो फुगवटा दिसतोय ना, ती गालात लावलेल्या मांसाची रक्ताची वाट आहे, तिच्यावर पिशवीचा पट्टा, घट्ट कॉलर, बनियनचा दाब नको. व्यायाम पाठीवर झोपून सुरू करा, दोन्ही हातात काठी धरायची आणि उजव्या हाताच्या जोरावर डावा वर न्यायचा, जिथं ताण येतो तिथं थांबायचं, श्वास सोडायचा, खाली आणायचा. मग कोपर कमरेला टेकवून काठीनंच हात बाहेरच्या बाजूला ढकलायचा, ही हालचाल सगळ्यात आधी जाते आणि सगळे तीच विसरतात. बसून दोन्ही खांदे मागं ओढून पाठीमागची खांद्याची पाती एकमेकांकडे आणायची, आरशासमोर केलं तर बरं, कारण माणूस नकळत मान वाकडी करून हात वर गेल्याचं स्वतःला दाखवतो. भिंतीवर बोटं चढवणं नंतर. रबरी पट्टा आणि वजनं अजून नंतर, पण ती यायलाच हवीत. 2008 साली कॅनडात मानेचं ऑपरेशन झालेल्या 52 जणांवर अभ्यास झाला होता, त्यात हळूहळू वजन वाढवत नेलेल्या व्यायामानं खांद्याचं दुखणं आणि अडचण नेहमीच्या व्यायामापेक्षा जास्त कमी झाली. वजन उचलणं म्हणजे धोका असं नसतं, देखरेखीशिवाय आणि वेळेआधी उचलणं धोक्याचं.

तोंडाबद्दल सविस्तर लिहायला हवं पण ओपीडीची वेळ झाली, रात्री लिहितो.

गुळाचा_चहा

तोंडाचं मी सांगतो ताई, मी स्वतः पेशंट. उजव्या गालाचं ऑपरेशन, नंतर रेडिएशन, आता काही वर्षं झाली, भाकरी चुरून खातो, फोनवर माझं बोलणं समोरच्याला कळतं.

आईस्क्रीमच्या लाकडी काड्या आणा, दुकानात पाकीट मिळतं. धुऊन, एकावर एक ठेवून, जेवढ्या सहज बसतात तेवढ्या वरच्या-खालच्या दातांमध्ये ठेवायच्या, मागच्या दाढांकडे, ऑपरेशन नसलेल्या बाजूनं. थोडा वेळ तसंच राहायचं. मग हळूच मधे अजून एक सरकवायची. ओढ लागली पाहिजे, कळ यायला नको. दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं, एकदाच खूप नाही. पण तुमच्या अण्णांच्या जबड्याची कड काढलीय म्हणताय तर सुरू करायच्या आधी सर्जनला विचाराच की हाडावर किती जोर चालेल, आणि दात हलत असतील तर त्या दातांवर काड्या नको.

रेडिएशनच्या मधल्या आठवड्यांत तोंड सोलून निघतं, तेव्हा कुणी व्यायामाचं नाव काढलं तरी रडू येतं, ते मला माहितीय. मला डॉक्टरांनी बधिर करणारं गुळण्यांचं औषध दिलं होतं, ते आधी करायचं, आणि दुखण्याची गोळी घेतल्यावर अर्ध्या-पाऊण तासानं व्यायाम. त्या दिवसांत तोंड वाढवायचं नाव नव्हतं, आहे तेवढं टिकवायचं एवढंच. कॅलेंडरवर रोज काड्यांचा आकडा लिहायचो. बोटांनी मोजलं तर प्रत्येकाची बोटं वेगळी आणि मन फसवतं. आकडा खाली जायला लागला की त्याच आठवड्यात ओपीडीत दाखवायचो.

मी परळला ट्रीटमेंट घेतली आणि दादरला गाडगे महाराज धर्मशाळेत राहायचो. तिथं संध्याकाळी नाकात नळी असलेली माणसं जिन्यापाशी, व्हरांड्यात फेऱ्या मारताना दिसायची, सातारचा, जळगावचा, बिहारचा, सगळे. मला घरी असतो तर कुणी उठू दिलं नसतं. तिथं बघून उठलो. अण्णांना शक्य असेल तर अशा दुसऱ्या पेशंटशी बोलायला द्या, घरच्यांनी दहा वेळा सांगितलेलं जे पटत नाही ते एका पेशंटनं सांगितलेलं पटतं.

आणि तंबाखू पूर्ण बंद आहे ना? मिश्री पण? विचारून ठेवतो, राग मानू नका.

सह्याद्री_72

सगळ्यांचा मान ठेवून वेगळं मत. माझ्या मेव्हण्याच्या वेळी आम्ही रेडिएशन संपेपर्यंत काहीच करायला लावलं नाही, फक्त सकाळी अंगणात चालणं आणि अनुलोम-विलोम. माणूस आधीच खचलेला असतो, त्यात सकाळ-संध्याकाळ व्यायामाचा तगादा लावला की चिडचिड होते, जेवण पण सोडतात. रेडिएशन संपू दे, महिना-दोन महिने आराम मिळू दे, मग सुरू करावं असं मला वाटतं. घाई नको.

गुळाचा_चहा

दादा, तगादा नको हे शंभर टक्के बरोबर. पण तोंडाच्या बाबतीत थांबणं परवडत नाही. शेवटचं सिटिंग झालं म्हणजे आखडणं थांबत नाही, उलट पुढचे कितीतरी महिने आतून घट्ट होत राहतं. माझ्या बरोबरच्या दोघांचं रेडिएशन संपताना तोंड चांगलं होतं आणि वर्षभरात एक बोट पण जाईना. तोंड नाही उघडलं तर दात साफ होत नाहीत, डॉक्टरला आत बघता येत नाही, परत काही उगवलं तर लवकर कळत नाही. जेवणापुरता तो विषय नाही.

मोगरा_पुणे

माझा अनुभव वेगळ्या कॅन्सरचा आहे पण घरच्यांचं बोलणं अगदी तेच म्हणून लिहितेय. सासूबाईंना स्तनाचा कॅन्सर, काखेतल्या गाठी काढलेल्या. त्यांच्या माहेरचे सगळे म्हणायचे की त्या हातानं आता काही करायचं नाही, हाताला सूज येते, लाटणं पण धरायचं नाही. सुजेची भीती खोटी नाही, काखेतल्या गाठी काढल्यावर हातातलं पाणी वर जायची वाट कमी होते, त्याला लिंफेडेमा म्हणतात आणि तो त्रास मोठा आहे. पण म्हणून हात बांधून ठेवायचा हे चुकीचं, आणि ते आमच्या फिजिओ मॅडमनी कागद दाखवून समजावलं. 2009 मध्ये अमेरिकेत 141 बायकांवर अभ्यास झाला, सगळ्यांना हाताला आधीच सूज होती, त्यातल्या निम्म्यांना देखरेखीखाली हळूहळू वजनं उचलायला लावली. सूज वाढली नाही, उलट अचानक सूज भडकण्याचे प्रसंग त्या गटात कमी झाले. आणि इंग्लंडमध्ये 392 बायकांचा अभ्यास 2021 ला छापून आला, त्यात ऑपरेशननंतर 7 ते 10 दिवसांतच फिजिओनं व्यायाम सुरू केला होता, वर्षानंतर त्यांचा हात जास्त चांगला चालत होता आणि सूज किंवा जखमेचा त्रास वाढला नव्हता.

सासूबाई आता स्वतः पोळ्या लाटतात, डब्यावरचा डबा काढतात. त्या हाताला बीपी मोजू देत नाहीत, सुई टोचू देत नाहीत, भाजी चिरताना जपतात.

ताई, तुमच्या आत्याला ओरडू नका. आमच्याकडे पण ज्यांनी जास्त विरोध केला त्याच माणसांचा जीव सगळ्यात जास्त होता पेशंटवर. त्यांना काम द्या. आमच्या मावशींना आम्ही काठीचा व्यायाम मोजायला बसवलं, मग त्याच वेळ चुकू देईनात.

डॉक्टर_पण_रुग्णालयाबाहेर

मी कॅन्सर विभागात काम करते, इथं सल्ला म्हणून नाही तर माहिती म्हणून लिहितेय, अण्णांचे डॉक्टर सांगतील ते अंतिम.

थकव्याबद्दल कुणी लिहिलं नाही अजून. कॅन्सरचा थकवा झोपून जात नाही, हे पेशंटला आणि घरच्यांना पटणं सगळ्यात अवघड. दिवसभर पडून राहिलं की स्नायू फार पटकन वितळतात, मग उठायला जास्त कष्ट, मग अजून पडून राहणं. 2019 साली अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिननं जगभरातल्या तज्ज्ञांना बसवून जे मार्गदर्शन काढलं त्यात आठवड्यातून 3 वेळा 30 मिनिटं मध्यम व्यायाम, आणि 2 वेळा स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम, एवढ्यानं थकवा, चिंता, उदासी कमी होते असं स्पष्ट लिहिलंय. पण अण्णांना आत्ता 30 मिनिटं अजिबात सांगू नका. पाच मिनिटं घरातल्या घरात, दिवसातून तीनदा, एवढ्यानं सुरुवात. चालताना वाक्य बोलता आलं पाहिजे, धाप लागून तुटायला नको.

कधी थांबायचं हे लिहून भिंतीवर लावा. ताप असेल, चक्कर येत असेल, छातीत दुखत असेल, धडधड होत असेल, उलट्या-जुलाब झाले असतील, तोंडातून किंवा मानेतून रक्त आलं असेल तर व्यायाम बंद आणि लगेच हॉस्पिटलला फोन. मानेतून किंवा तोंडातून भळाभळा रक्त आलं तर फोन करत बसू नका, सरळ जवळच्या कॅज्युअल्टीत. केमो चालू आहे म्हणजे दर आठवड्याला रक्त तपासत असतील, हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट दोन्ही विचारा. प्लेटलेट 50,000 च्या खाली असतील तर ताकदीचे व्यायाम डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, 20,000 च्या खाली असतील तर जोराचं काहीच नको. "अंगात रक्त नाही" याचं उत्तर रिपोर्टमध्ये असतं, अंदाजानं माणसाला झोपवून ठेवू नका.

व्यायामानं आयुष्य वाढतं का हे पण लोक विचारतात. 2025 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल या वैद्यकीय नियतकालिकात आलेला चॅलेंज नावाचा अभ्यास या बाबतीत सगळ्यात ठोस आहे. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचे 889 रुग्ण, ऑपरेशन आणि केमो झालेले. निम्म्यांना फक्त माहितीपुस्तिका, निम्म्यांना 3 वर्षं ठरवून दिलेला व्यायाम आणि सोबत मार्गदर्शक. 5 वर्षांनी कॅन्सर परत न आलेले व्यायामाच्या गटात 80.3 टक्के, दुसऱ्यात 73.9. 8 वर्षांनी जिवंत असलेले 90.3 टक्के आणि 83.2. एखाद्या नव्या औषधानं एवढा फरक दाखवला असता तर ते सगळीकडे लिहून दिलं गेलं असतं, आणि इथं डिस्चार्ज कार्डावर एक शब्द लिहून आपण मोकळे होतो याचं मला मनापासून वाईट वाटतं. हा अभ्यास आतड्याच्या कॅन्सरचा आहे, तोंडाच्या कॅन्सरला तोच आकडा लावता येणार नाही. तोंडाच्या पेशंटला व्यायामाचा फायदा म्हणजे खाता येणं, बोलता येणं, हात चालणं, आणि तेवढं कारण पुरेसं आहे.

अजून एक. नाकात नळी असली तरी जेवढं गिळता येतं तेवढं रोज गिळत राहायला सांगा, पाणी, ताक, पेज, काहीही. फक्त पाणी पिताना ठसका लागत असेल तर आधी गिळण्याची तपासणी करून घ्या, आणि जिथं रेडिएशन चालू आहे तिथं स्पीच आणि स्वॉलो थेरपिस्ट, म्हणजे बोलण्या-गिळण्याचे व्यायाम शिकवणारे, असतील तर नाव घालाच.

वारणाकाठची

तुम्हा सगळ्यांचे किती आभार मानू. आत्याला मोगराताईंचा निरोप वाचून दाखवला, ती गप्प बसली आणि मग म्हणाली काठी कुठली घ्यायची. तंबाखू बंद आहे दादा, मिश्री पण, आईनं डबीच नदीत टाकली.

प्रश्न अजून दोन. अण्णांचं वजन खूप उतरलंय, नाकातून नळी आहे, अशात व्यायाम केला तर अजून उतरणार नाही का? आणि तालुक्याच्या फिजिओ सरांकडे जायचं तर त्यांना नेमकं काय सांगू? रोज 60 किलोमीटर जाऊन रेडिएशन घ्यायचं आणि परत दुसऱ्या शहरात फिजिओसाठी जाणं आम्हाला जमणार नाही.

फिजिओ_सोलापूर

तोंडाचं गुळाचा चहा दादांनी माझ्यापेक्षा चांगलं सांगितलं. थेराबाईट नावाचं तोंड उघडायच्या व्यायामाचं बाहेरचं यंत्र मिळतं, त्याची पद्धत दिवसातून 7 वेळा, दर वेळी 7 दा ताण, 7 सेकंद धरायचं अशी आहे. यंत्र महाग आहे, काड्यांवर तीच शिस्त ठेवली तरी काम होतं. वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमधलं अंतर 35 मिलिमीटरच्या खाली गेलं की आम्ही त्याला तोंड आखडलंय असं धरतो, एक प्लास्टिकची पट्टी घेऊन आजचं माप लिहून ठेवा.

वजनाचं: व्यायामानं नाही, कमी पोटात गेल्यानं उतरतंय. नळीतून नुसतं तांदळाचं पाणी आणि फळांचा रस जात असेल तर स्नायू टिकणार नाहीत. दूध, गाळलेलं मुगाचं कढण, अंड्याचा पांढरा भाग नीट शिजवून मिक्सरमधून, सातूचं पीठ, डॉक्टरांनी दिली असेल ती प्रोटीन पावडर, असं आहारतज्ज्ञांकडून मापासकट लिहून घ्या. डायबेटिस किंवा किडनीचा त्रास असेल तर ते आधी सांगा. वजन अजून घसरत असेल तर आत्ता लांब चालणं नको, खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं, खांद्याचं, तोंडाचं, एवढंच. फीड दिल्यावर तासभर आडवं व्हायचं नाही आणि व्यायाम पण करायचा नाही.

तालुक्याच्या सरांकडे जाताना ऑपरेशनची नोट न्या, डिस्चार्ज कार्डात नसेल तर हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागाकडे अर्ज करून झेरॉक्स मिळते. सर्जनना तीन गोष्टी विचारून कागदावर लिहून घ्या: ॲक्सेसरी नर्व्ह वाचवली आहे का, जबड्यावर ताण द्यायला परवानगी आहे का, मान किती वळवायची. हा कागद हातात असला की कुठल्याही फिजिओचं बिचकणं जातं, कारण झुकलेला खांदा आणि धरलेला सांधा हे त्यांचं रोजचंच काम आहे, त्यांना भीती असते ती आत काय कापलंय हे माहीत नसल्याची. त्यांना एवढंच सांगा की रेडिएशनच्या भागावर मशीनचा शेक, अल्ट्रासाउंड, करंट लावायचा नाही, हातानंच व्यायाम करून घ्यायचा. आठवड्यातून एकदा त्यांच्याकडे आणि बाकी घरी एवढं जमलं तरी पुष्कळ.

नर्व्ह कापावी लागली असेल तर तसं स्पष्ट सांगा, मग व्यायाम वेगळा, आजूबाजूच्या दुसऱ्या स्नायूंना ते काम शिकवावं लागतं आणि शेतातली कुठली कामं परत करता येतील याचं गणित पण बदलतं. रेडिएशन संपल्यावर पहिल्या फॉलोअपला तोंडाचं माप आणि हात किती वर जातो त्याचा बाजूनं काढलेला फोटो, दोन्ही डॉक्टरांना दाखवा. सर्जनचा कागद मिळाला की इथं लिहा, पुढचे व्यायाम त्याप्रमाणे सांगतो.